दुसरी किल्ली

आमच्या जुन्या गाडीखाली रोज सकाळी तेलाचा रुपयाएवढा डाग दिसू लागला. पॉवर स्टिअरिंग जड झाले, वळताना कण्हू लागले. डबीत तेल ओतले की आठवडाभर भागे. बँकेत जन्म काढलेल्या मला कळायला हवे होते, की हे नुसते व्याज भरणे, मुद्दल तसेच. रॅकच्या आतले रबरी सील झिजले होते.

शेवटी रॅक स्वतःच बदलायचा ठरवला. गाडी उचलून भक्कम स्टँडवर टेकवली; नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरू नये. स्टिअरिंग सरळ ठेवून बांधून टाकले. टाय रॉडची टोके काढताना किती फेरे झाले, ते वहीत लिहिले. नवा रॅक बसवला, तेल भरले, पुढची चाके अधांतरी ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे सावकाश फिरवत हवा काढली. डाग थांबला.

रात्री मात्र झोप लागेना. स्टिअरिंगचा दांडा रॅकला जोडणारा तो एकच बोल्ट. नीट आवळला ना? उद्या मागच्या सीटवर नात बसणार होती.

बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते, आणि त्या दोघांकडे असतात. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला दिसावे, हाही त्यामागचा हेतू. सकाळी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला घरी बोलावले. त्याने एकेका बोल्टला पाना लावला, मग चाकांच्या अलाइनमेंटला पाठवले. माझा बोल्ट घट्टच होता.

तरीही त्याला बोलावल्याचे वाईट वाटले नाही. नात निर्धास्त बसली. कामावर आता दोन सह्या होत्या.