मेथाडोन आणि वजनाचा काटा

न्यूयॉर्कमध्ये १९६४ च्या सुमारास व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर या डॉक्टरांनी हेरॉइनच्या व्यसनावर रोज मेथाडोन द्यायला सुरुवात केली. या औषधाने रुग्ण सावरतात, पण अनेकांचे वजनही वाढते. हरपलेली भूक परतते, हे एक कारण. त्यातही ओढ गोडाची! मेंदूतल्या ज्या म्यू ग्राहींवर (रिसेप्टरवर) मेथाडोन काम करते, तेच गोडाची लज्जतही वाढवतात.

मग वजन घटवायची गोळी घ्यावी? जपून. अमेरिकेत २०१४ साली मंजूर झालेल्या एका गोळीत ब्युप्रोपियॉनच्या जोडीला नाल्ट्रेक्सोन असते. ते मेथाडोनला ग्राहींवरून हुसकावते आणि माणूस उलट्या-जुलाबांनी बेजार होतो.

स्वतःहून मेथाडोन सोडणे त्याहून धोक्याचे. व्यसन उलटले तर जिवावर बेतते. त्यापेक्षा कोल्ड्रिंक आधी सुटावे, आणि वजनाची नोंद पहिल्या डोसपासूनच ठेवावी.