त्वचेशी ओळख, भाग ५ : तेलकट चेहऱ्याचीही तहान

मागच्या आठवड्यात साबण पाहिला. आज त्याच्या पुढची पायरी.

चाकूरच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेरून आलं की नाक-कपाळ तुकतुकतं. मग साबण, तासाभरानं पुन्हा साबण. संध्याकाळी गाल ओढल्यासारखे होतात, नाक मात्र तेलकटच. तरी कॉलेजच्या मुली विचारतात, "माझी त्वचा आधीच तेलकट, वर क्रीम कशाला?"

कारण तेल वेगळं आणि पाणी वेगळं. तेल तयार करणाऱ्या ग्रंथी संप्रेरकांच्या हुकमावर चालतात. म्हणून वयात येताना चेहरा तेलकट होतो. धुण्यानं त्या थांबत नाहीत. पाणी सांभाळतो तो त्वचेचा सर्वांत वरचा थर. त्यातल्या पेशी विटांसारख्या, त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्यं चुन्यासारखी. त्वचेचा सामू साधारण ५, नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. त्यात बोअरचं जड पाणी! त्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग झाला की बादलीच्या कडेला दिसतो तोच साका चेहऱ्यावरही उरतो. अशा साबणानं पेशींमधला तो चुना सैल झाला की आतलं पाणी कोरड्या हवेत उडून जातं.

म्हणून हलकं मॉइश्चरायझर. दुकानात खोका उलटा करून वाचा. घटकांची नावं प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं असतात. पाण्यापाठोपाठ ग्लिसरीन दिसलं तर चांगलं. ते पाणी धरून ठेवतं. नायसिनामाइड वरच्या थराला बळ देतं. डायमेथिकोन चिकटपणा न आणता पाणी अडवतं. मुरुमं येत असतील तर खोबरेल तेल आणि कोको बटर चेहऱ्यापासून दूर ठेवा. 'जेल' किंवा पातळ लोशन निवडा. 'नॉन-कॉमेडोजेनिक' म्हणजे छिद्रं न बुजवणारं. हा शब्द खूण आहे, हमी नव्हे. म्हणून आधी जबड्याच्या कडेला चार-पाच दिवस लावून पाहा.

आपल्या तालुक्यातलं वडवळ नागनाथचं बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध, त्यामुळे झाडपाल्यावर आपला विश्वास मोठा. पण कोरफड थेट लावायची तर कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी पूर्ण निथळू द्या; त्यानं त्वचेची आग होते.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते मॉइश्चरायझर नव्हे, स्टेरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो, पुढे त्वचा पातळ होते आणि मुरुमं उसळतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते लावू नका. दुखऱ्या गाठी येत असतील तरीही त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवा.

लावण्याची रीत सोपी. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशनं चेहरा धुवा, टॉवेलनं फक्त टिपा आणि ओलसर असतानाच हरभऱ्याच्या दाण्याएवढं जेल पसरा. कोरड्या हवेत ओल जागच्या जागी धरण्याची वेळ हीच.

या आठवड्यात घरातल्या प्रत्येक ट्यूबचं लेबल वाचून काढा. पुढच्या भागात सनस्क्रीन.