कॉलेजचें पहिलें वर्ष : विचारण्याची लाज नको

बारावीचे निकाल लागून प्रवेशाच्या याद्या झळकल्या कीं पुण्याच्या स्वारगेटावर थांबणाऱ्या एस्. टी. गाड्यांतून नवे चेहरे उतरूं लागतात. कोणी दापोलीकडचा, कोणी बार्शीचा, कोणी थेट वाशीमचा. हातांत बॅग, बॅगेंत आईनें करून दिलेले लाडू, आणि मनांत आनंद व धास्ती यांची समसमान भेसळ. आईबापांनीं आपली सारी पुंजी ज्यावर लावली तें हें पहिलें वर्ष. आणि याच वर्षीं अनेक चांगलीं मुलें वाट चुकतात. तीं कां चुकतात व कशीं सांवरतात, याविषयींचा माझा थोडाबहुत अनुभव वाचकांपुढें, विशेषतः ज्यांच्या घरांतून यंदा मूल कॉलेजांत जावयाचें आहे त्यांच्यापुढें, ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम माझा अधिकार किती तें सांगतों. एका शाळेंत तीस वर्षांहून अधिक काळ मीं संस्कृत शिकविलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंत व पुढें पाठशाळेंत झालें. विद्यार्थी या नात्यानें कॉलेजची पायरी मी चढलों नाहीं. निवृत्तीनंतर पुण्यांतील एका वसतिगृहाच्या चालकांनीं नव्या मुलांची विचारपूस करण्याचें काम मजवर सोंपविलें. कोरोनाच्या सांथीचा काळ सोडला तर तेव्हांपासून आठवड्यांतून दोन संध्याकाळीं मी तेथें जाऊन बसतों. गणित किंवा यंत्रशास्त्र मला शिकवितां येत नाहीं. मुलांचें ऐकून घेतां येतें. ऐकतां ऐकतां एक गोष्ट माझ्या ध्यानांत पक्की बसली आहे. पहिल्या वर्षीं जीं मुलें घसरतात, त्यांपैकीं बहुतेकांच्या बाबतींत कारण बुद्धिमांद्य नसतें, आळसहि नसतो. आलेली अडचण तीं कोणालाहि सांगत नाहींत, हें खरें कारण.

शाळेंत हें मौन चालत नाहीं. तेथें मास्तर नांवानें हांक मारतात, वही तपासतात, चेहरा उतरलेला दिसला तर "काय रे, बरें नाहीं का?" म्हणून विचारतात. कॉलेजच्या वर्गांत साठसत्तर, कोठें शंभराहून अधिक मुलें. तास संपतांच प्राध्यापक दुसऱ्या वर्गाकडे जातात. काय समजलें नाहीं याची चौकशी विद्यार्थ्यानेंच करावयाची असते, आणि हा बदल त्याला कोणी समजावून दिलेला नसतो. पहिल्या आठवड्यांत एक व्याख्यान समजत नाहीं. दुसऱ्या आठवड्यांत त्यावर आधारलेलीं तीन समजत नाहींत. इतरांना सारें कळतें व आपणच तेवढे मागें, अशी समजूत होऊन तोंड बंद राहतें. मग तासांना दांड्या पडूं लागतात, आणि पहिल्या चांचणीचे गुण हातीं येईपर्यंत सर्व संपलें असें त्याला वाटूं लागतें. वस्तुतः तेव्हां कांहींच संपलेलें नसतें.

दापोली तालुक्यांतील एका मुलाचें उदाहरण देतों. वडिलांची भिक्षुकी आणि थोडी सुपारीची बाग. मुलाला अभियांत्रिकीस घातलें तें बँकेचें कर्ज काढून. दहावीपर्यंत त्याचें शिक्षण मराठींत झालेलें. अकरावी-बारावीचीं पुस्तकें इंग्रजी खरीं, पण गांवचे शिक्षक समजावून देत तें मराठींतच. येथें प्राध्यापकांचें अस्खलित इंग्रजी त्याच्या डोक्यावरून जाऊं लागलें. पहिल्या चांचणींत तीसांपैकीं सहा गुण पडले. घरीं फोनवर मात्र रोज "सगळें छान चाललें आहे" हेंच वाक्य. खानावळीच्या वहींत त्याच्या नांवापुढें सलग पांच रात्री जेवणाची खूण नव्हती, त्यावरून मला संशय आला. तीन संध्याकाळीं तो नुसता बसून गेला. चौथ्या खेपेस म्हणाला, "गुरुजी, शंका विचारा म्हणतात, पण मला शब्दच कळत नाहींत, तर शंका तरी काय विचारूं?"

त्याचें म्हणणें खरें होतें. शंका विचारण्यासाठींहि आधीं थोडें समजलेलें असावें लागतें. आम्हीं असें ठरविलें कीं, प्रत्येक तासाला न कळलेले पांच शब्द त्यानें कानांवर पडतील तसे देवनागरींत उतरून घ्यावे आणि शनिवारीं ती वही घेऊन प्राध्यापकांकडे जावें. पहिल्या शनिवारीं तो दारापर्यंत जाऊन परत आला. दुसऱ्या शनिवारीं खोलींतला सोबती बरोबर गेला. प्राध्यापकांनीं वही पाहिली, वीस मिनिटें बसवून घेतलें, आणि पुढच्या शनिवारीं पुन्हां यावयास सांगितलें. दिवाळीपर्यंत त्या वेळेला तेथें सात मुलें जमूं लागलीं होतीं. ज्यांना सर्व कांहीं समजतें अशी याची खात्री होती, त्यांतलींच तीं सहा! पहिल्या वर्षीं त्याचे दोन विषय राहिले, ते ए. टी. के. टी.च्या सवलतीनें पुढें सुटले, आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यानें चार वर्षांतच पुरा केला.

आपल्या परंपरेनें तर प्रश्नाच्या नांवानें एक उपनिषदच राखून ठेविलें आहे. प्रश्नोपनिषदांत सहा जिज्ञासू हातांत समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात. वर्षभर येथें नियमानें व श्रद्धेनें राहा, मग इच्छेस येईल तें विचारा, ठाऊक असेल तर सारें सांगेन, असें ऋषि त्यांना म्हणतात. "ठाऊक असेल तर" ही मर्यादा गुरूनें स्वतःलाहि घालून घेतली आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्या सहांपैकीं सुकेशा भारद्वाज तर उघड सांगतो कीं, एका राजपुत्रानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मला येत नव्हतें, आणि मीं त्याला तसें स्पष्ट सांगितलें. "मला येत नाहीं" हें म्हणण्याची लाज ज्यांना वाटली नाहीं, त्यांचीं नांवें आपण आजहि आदरानें घेतों.

जुन्या पुण्यांत गरीब विद्यार्थी वार लावून जेवीत. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या. त्या पद्धतींत मिंधेपणा होता, अपमानहि होते, आणि ती सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरतीच होती. इतर समाजांतील मुलांच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था व्हावी म्हणून शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय दिला. वारांचा तो काळ परत यावा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्यांत एक गुण होता. मुलगा ठरल्या वारीं आला नाहीं, तर त्या घरची माउली पुढच्या वारीं "मागच्या खेपेस कां रे आला नाहींस?" असें विचारी. आजच्या खानावळींत पैसे आगाऊ भरलेले असतात. कोण जेवलें, कोण उपाशी निजलें, याची विचारपूस क्वचितच होते. म्हणून नव्या विद्यार्थ्यानें सात नाहीं तरी तीन घरें स्वतः जोडावीं : एक प्राध्यापक, एक वरच्या वर्गांतला विद्यार्थी, आणि कॉलेजबाहेरचें एक वडील माणूस. आनंदीबाई जोशी १८८३ मध्यें वैद्यक शिकण्यास एकट्या अमेरिकेस गेल्या, तेव्हां रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंना त्यांनीं मावशी मानलें होतें. सुखदुःख लिहून कळवावें असें एक माणूस त्या परक्या देशांत त्यांना होतें. १८८६ मध्यें त्यांनीं पदवी मिळविली.

सारींच मुलें सांवरतात असें नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील एक हुषार मुलगा वर्षभर हंसतमुख राहिला. मीं विचारावें, त्यानें "ठीक आहे, गुरुजी" म्हणावें. शेवटीं कॉलेजचें पत्र आलें. पंचाहत्तर टक्के उपस्थिति हवी, ती भरली होती एकतीस; परीक्षेस बसण्याची परवानगी नाकारण्यांत आली. दुसऱ्या दिवशीं वडील आले. ते रागावतील असें मला वाटलें होतें. पण ते बराच वेळ कांहीं बोललेच नाहींत. मग म्हणाले, "निघतांना मींच त्याला सांगितलें होतें कीं, आपल्या घराण्यांत आजवर कोणी नापास झालेलें नाहीं. मग त्यानें मला सांगावें तरी कसें?" मुलगा घरीं परत गेला. आतां तो मामाच्या दुकानांत बसतो व बाहेरून पदवीचा अभ्यास करतो, असें कळतें.

आतां विद्यार्थ्यांस चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिले सहा आठवडे महत्त्वाचे समजा. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ मध्यें 'दीक्षारंभ' नांवाची मार्गदर्शिका काढली; तींत आरंभींचे परिचयवर्ग व मार्गदर्शक प्राध्यापक यांची योजना आहे. तुमच्या कॉलेजांत हे वर्ग असतील तर ते चुकवूं नका, आणि नेमून दिलेल्या प्राध्यापकांस पहिल्या पंधरवड्यांतच भेटा. म्हणजे पुढें अडचण घेऊन जातांना पाय अडखळणार नाहींत. उपस्थितीचा हिशेब महिन्याच्या महिन्याला पाहा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर मुदतींत भरा. उत्पन्नाचा दाखला गांवाहून येतां येतां मुदत टळते, म्हणून तो निघतांनाच बरोबर घ्या. पैसा कमी पडूं लागला तर उसनवारी करण्यापूर्वीं कॉलेजांत 'कमवा व शिका' योजना आहे काय, याची चौकशी करा.

वरच्या वर्गांतील कोणी छळ करीत असेल तर ती थट्टा समजून सोसूं नका. महाराष्ट्रांत १९९९ च्या कायद्यानें रॅगिंग हा गुन्हा ठरला आहे, आयोगानेंहि २००९ मध्यें त्याविरुद्ध नियम केले आहेत, आणि १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार करतां येते. तसेंच झोंप उडाली, अन्न नकोसें झालें, जगणें जड वाटूं लागलें, तर तें मनाचें दुखणें आहे. तापाला जसा वैद्य असतो तसा त्यालाहि असतो. सरकारची 'टेलि-मानस' सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक रात्रीं-अपरात्रींहि फुकट लागतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तुम्हांला लागला नाहीं, तर कदाचित् शेजारच्या खोलींत लागेल.

शेवटीं पालकांस एक विनंति. मुलाचा फोन आला म्हणजे गुणांची चौकशी मागाहून करावी. जेवलास का, आज कोणाशीं बोललास, कोठें अडलें आहे, हें आधीं विचारावें. वाईट बातमी कानीं आली तर त्या दिवशीं नुसतें ऐकून घ्यावें. बोलावयाचें तें दुसऱ्या दिवशीं बोलावें. घराण्याची कीर्ति मुलाला ठाऊक असते, ती निरोप देतांना पुन्हां ऐकविण्याचें कारण नाहीं. त्याऐवजीं, "कांहीं बिघडलें तर पहिलें मला सांग, मी येतों," एवढेंच म्हणावें. आणि तें पहिल्या चांचणीचा निकाल लागण्यापूर्वीं म्हणावें. निकालानंतर म्हटलें तर मुलाला तें केवळ सांत्वन वाटतें. अगोदर म्हटलेलें असलें, तर फोन उचलतांना त्याचा हात कांपत नाहीं.