संदर्भ शोधताय? आधी इथे पाहा

नवी मुंबईतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी

■ पुस्तकावरचा क्रमांक : बहुतेक महाविद्यालयांत ड्यूई दशांश वर्गीकरण (१८७६) वापरतात. ३०० सामाजिक शास्त्रे, ५०० विज्ञान, ८९१.४६ मराठी साहित्य. एक पुस्तक सापडले की त्याच विषयाची इतर पुस्तके शेजारीच असतात.

■ एन-लिस्ट : गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ची योजना. महाविद्यालय सदस्य असेल, तर ई-पुस्तके आणि संशोधनपत्रिका घरबसल्या वाचता येतात. लॉगिन ग्रंथपालांकडून मिळते. ते स्वतःहून मागा.

■ शोधगंगा : देशभरातल्या पीएच.डी. प्रबंधांचे खुले भांडार. लॉगिन लागत नाही. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची आवर्जून चाळा. पुढचे वाचन तिथेच सापडते.

■ नॅशनल डिजिटल लायब्ररी : आयआयटी खरगपूरने उभारलेले पोर्टल, १९ जून २०१८ रोजी राष्ट्रार्पण. शालेय पुस्तकांपासून संशोधनापर्यंतचे साहित्य एकाच ठिकाणी शोधता येते.

■ जुने मराठी संदर्भ : वाशी, नेरूळहून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे गाठा. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे.

■ ग्रंथपालांना काय विचारावे? : ‘पर्यावरणावर काही आहे का?’ असे मोघम नको. ‘ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर गेल्या दहा वर्षांतले लेख हवेत’ असे विचारा. विषय, ठिकाण आणि काळ सांगितला की शोध नेमका होतो. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पंचसूत्रांपैकी चौथे सूत्र. ग्रंथपालांना विचारायला संकोच कशाला?