शँडनच्या लाल दगडात गॅस का मावत नाही?

कॉर्कला गेलात तर शँडनचा मनोरा नक्की पाहा. १७२२ साली बांधलेल्या सेंट ॲन चर्चचा हा मनोरा. त्याच्या दोन बाजू पांढऱ्या चुनखडीच्या आहेत, दोन लाल वालुकाश्माच्या. आता त्याच कॉर्कच्या किनाऱ्यापासून साधारण ५० किलोमीटर समुद्रात चला. तिथे किन्सेल हेड नावाचं वायुक्षेत्र १९७१ मध्ये सापडलं आणि १९७८ ते २०२० पर्यंत त्यातून गॅस निघाला. तोही वालुकाश्मातूनच! मग एक दगड भिंतीचा आणि दुसरा कोठाराचा, असं का?

आधी एक गैरसमज दूर करू. जमिनीखाली गॅसचं तळं वगैरे नसतं. गॅस असतो वाळूच्या कणांमधल्या फटींत. म्हणून दोन गोष्टी बघायच्या: फटी किती आहेत, म्हणजे सच्छिद्रता, आणि त्या एकमेकींना किती जोडलेल्या आहेत, म्हणजे पार्यता.

डबाभर काबुली चणे घ्या. मध्ये भरपूर फटी दिसतील. त्यात रवा ओतला की फटी बुजल्या. वाळूचंही तसंच. किन्सेल हेडची वाळू सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचली. लाटा वाळू घोळतात, बारीक माती वाहून नेतात आणि कण एकसारखे उरतात. नदीच्या पुरात मात्र माती आणि वाळू बरेचदा एकत्रच बसते.

पण खरी गंमत पुढे आहे. ताज्या वाळूत साधारण ४० टक्के जागा रिकामी असते. ती गाडली जाते तसे कण दाबले जातात. तापमान ७०-८० अंशांच्या वर गेलं की कणांवर क्वार्ट्‌झचे थर वाढायला लागतात. बुंदीच्या लाडवात पाक मुरून घट्ट व्हावा, तसं. कॉर्कचा लाल खडक डेव्होनियन काळातला, सुमारे ३७ कोटी वर्षं जुना. तो किलोमीटरच्या किलोमीटर खोल गाडला गेला, मग पर्वत घडताना चेपला गेला. त्याच्या फटी तेव्हाच संपल्या. किन्सेल हेडचा साठा मात्र जेमतेम ९०० मीटर खोलीवर सापडला.

आता तुम्ही म्हणाल, आयर्लंडने २०२१ मध्ये तेल-वायूच्या नव्या शोधाचे परवाने कायद्यानेच बंद केले, मग हे शिकून उपयोग काय? मलाही हा प्रश्न घरून येतो. उत्तर असं, की गॅस संपला तरी फटी तिथेच आहेत. किन्सेलजवळच्याच एका छोट्या क्षेत्रात काही वर्षं उन्हाळ्यात गॅस भरून हिवाळ्यात काढला जायचा. उद्या तिथे हायड्रोजन साठवायचा की कार्बन डायऑक्साइड पुरायचा, हे ठरवतानाही पहिले प्रश्न तेच असतील: फटी किती, आणि जोडलेल्या आहेत का?