नववीनंतरचं ताट

आठवीपर्यंत शाळेत दुपारचं जेवण मिळतं. सहावी ते आठवीच्या मुलासाठी त्यात १५० ग्रॅम धान्य, सुमारे ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असं शासनाचं प्रमाण आहे. त्या खिचडीला आपण कितीही नावं ठेवली, तरी नववीत गेलं की तीही बंद होते. आणि नेमकं याच वयात मुलाची पँट वर्षभरात आखूड होते, मुलीची पाळी सुरू झालेली असते.

मग आमच्या चांदूर रेल्वेत काय दिसतं? सकाळी चहा-टोस्ट, ट्युशन, शाळा. मधल्या सुट्टीत कुरकुऱ्यांचं पाकीट, संध्याकाळी गुपचूपची गाडी. पोटभर जेवण थेट रात्री. प्रार्थनेच्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसणाऱ्या मुलीला विचारलं, तर बहुतेक वेळा ती नुसत्या चहावर आलेली असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागतं, मुलाला २२. आता आपल्या दस्तरखानाकडे बघा. कलेजी कोणाच्या ताटात जाते? अब्बूंच्या, भाईजानच्या. सालनातल्या बोट्या वाटून झाल्यावर मुलीच्या वाट्याला शोरबा येतो, आणि ‘तिला आवडतच नाही’ असं आपण ठरवून टाकतो. खरं तर मांसातलं, कलेजीतलं लोह शरीराला लवकर लागू पडतं. हीच मुलगी चार-पाच वर्षांनी सासरी जाईल आणि पहिल्या बाळंतपणाला तेच कमी रक्त घेऊन सामोरी जाईल.

रोज गोश्त परवडत नाही, हे मान्य. पण डाळ, हरभरा, हिरव्या भाज्या, शेंगदाणे यांतही लोह आहे. फक्त त्याला सोबत लागते ती आंबट फळांची. लिंबू पिळलं, पेरू किंवा संत्रं खाल्लं, की ते अंगी लागतं. वरूड-मोर्शीची संत्री आपल्याच जिल्ह्यातली. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. तरी पाहुण्यासाठी आपण शीतपेयाची बाटली आणतो! चहाचं मात्र उलट: जेवणासोबत घेतला तर तो लोह अडवतो. त्यामुळे जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्या मुलांच्या सहेरीलाही हेच लागू. चहा-पावावर सहेरी उरकू देऊ नका.

शाळेत सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. ‘हिनं पुढे मूल होत नाही’ ही अफवा ऐकून काही घरांत ती घेऊ देत नाहीत. त्यात लोह आणि फोलिक ॲसिड असतं, दुसरं काही नाही. रिकाम्या पोटी मळमळतं, म्हणून जेवणानंतर घ्यावी. शौच काळी होते, त्याला घाबरायचं कारण नाही.

राहिला प्रश्न ऐकण्याचा. चौदा वर्षांच्या मुलाला ‘हे खाऊ नको’ म्हटलं की तो बाहेर जाऊन खाणारच. त्याऐवजी त्याच्या हातात पाकीट द्या आणि मागचं बारीक अक्षर वाचायला सांगा. जो पदार्थ सर्वांत जास्त, तो यादीत पहिला लिहायचा असा नियम आहे. मैदा, तेल, साखर, मीठ यांचे नंबर तोच लावेल. जाड-बारीक, काळी-गोरी असं मुलीला बोलू नका. त्यानं ती जेवण सोडते. आणि आठवडी बाजाराला दोघांना पन्नास-पन्नास रुपये देऊन पाठवा. त्यांनी स्वतः निवडून आणलेली भाजी त्या रात्री त्यांनाच करू द्या, मुलालासुद्धा. मीठ कमी-जास्त झालं तरी अब्बूंनी कपाळाला आठ्या न घालता जेवावं.