खाटीक पक्षी आणि आपली जीवदया

तुळजापूरच्या परिसरातील उघड्या माळावर, बाभळीच्या शेंड्यावर किंवा विजेच्या तारेवर एक राखाडी पक्षी एकटाच बसलेला दिसतो. आकाराने मैनेएवढा, पोट पांढरे, पंख काळे आणि डोळ्यांवरून गेलेली रुंद काळी पट्टी. हा राखी खाटीक. शास्त्राच्या दृष्टीने तो गाणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. इतर पक्ष्यांच्या आवाजाची नक्कलही तो करतो. तरी नाव मिळाले ते खाटकाचे. लिनियसने १७५८ मध्ये या पक्ष्यांसाठी वापरलेल्या ‘लॅनियस’ या लॅटिन नावाचा अर्थही तोच. पुढे १८३२ मध्ये विल्यम साइक्स यांनी दख्खनमधील या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि ‘लहटोरा’ हे देशी नाव त्याला जोडले.

हे नाव पडले त्याच्या एका सवयीमुळे. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, क्वचित लहान उंदीर पकडून तो बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्याला टोचून ठेवतो. त्याची चोच ससाण्यासारखी आकडेदार. पाय मात्र दुबळे. मोठे भक्ष्य पंजात घट्ट धरून फाडण्याचे बळ त्यांत नसते. म्हणून काटाच त्याचा पंजा होतो आणि उरलेल्या अन्नाचे कोठारही.

हे वाचून आपले मन आक्रसते, आणि ते स्वाभाविक आहे. या पक्ष्याला निर्दोष ठरविण्याचे कारण नाही. तिर्यंच गतीतील जीवालाही कर्मबंध आहेच. परंतु त्याचा तिरस्कार करण्याचा अधिकार त्यामुळे आपल्याला मिळत नाही. भगवान महावीरांचा जीव एका पूर्वभवात सिंह होता आणि मुनींच्या उपदेशाने त्या सिंहालाही सम्यक्त्व लाभले, असे आपली पुराणे सांगतात.

आपण पारव्यांना ज्वारी टाकतो आणि जीवदया केल्याचे समाधान मानतो. खाटीक दाणे खात नाही. त्याला आपल्याकडून काही द्यावयाचे नाही. जे त्याचे आहे ते काढून घ्यावयाचे नाही, इतकेच. ज्यांची शेती आहे त्यांनी बांधावरची बोर-बाभूळ राखावी. ज्यांचे औषधांचे दुकान आहे त्यांनी गरजेपेक्षा अधिक फवारणीचा सल्ला देऊ नये. एका फवारणीत मरणारे जीव खाटकाच्या काट्यावर मोजता येणार नाहीत. आणि माळाला ‘पडीक’ म्हणण्यापूर्वी त्या बाभळीच्या शेंड्याकडे एकदा पाहावे.